पायरीवरचा जोड

मोहनरावांना कोरियाला नेण्यात माझा फायदा काय होता, ते आधी सांगून टाकतो. हायवेला ते व्यापारी संकुल बांधत होते, त्यातला तोंडावरचा गाळा. चौसाळ्यात माझं खताबियाण्यांचं दुकान गल्लीत आत, ट्रॅक्टर वळत नाही असल्या ठिकाणी. तोंडावरच्या गाळ्यावर सातजण डोळा ठेवून होते. पण त्या सातांपैकी एकाकडेही परदेशाचं तिकीट नव्हतं, आणि माझ्याकडे दोन होती.

मिरचीच्या बियाण्यांची एक कंपनी आम्हा दुकानदारांना, माल जास्त खपवला की, सहलीला नेते. त्या वर्षी माझा नंबर लागला. सहल जोडप्याची होती. म्हणजे मी आणि माझी बायको वनमाला.

तिचा पासपोर्ट येऊन पडला होता. गल्लीत सांगून झालं होतं. तिला बर्फ बघायचा होता. "फ्रीजमधला न्हाई, पडलेला," ती शेजारच्या बायनाबाईला सांगायची. "त्याच्यावरून चालताना आवाज येतो म्हणं."

मी विषय काढला तेव्हा ती भाकरी थापत होती.

"मोहनरावांना न्यावं म्हणतो."

तिचा हात थांबला नाही. "गाळा देतेत का?"

"बहुतेक."

"मंग न्या. मी काय, जाईन कवाबी."

निघायच्या आदल्या दिवशी तिने आपल्या जुन्या चपला कागदात गुंडाळून माझ्या बॅगेत घातल्या. "मापाला न्या. बर्फात घालतेत तसले बूट आणा मला. डाव्या पायाचं नीट बघा."

लहानपणी तिच्या डाव्या पावलावरून बैलगाडीचं चाक गेलं होतं. तेव्हापासून ती पाऊल बाहेरच्या कडेवर टेकून किंचित लंगडत चालायची. कुठलीही चप्पल घ्या, सहा महिन्यांत डावी टाच बाहेरून झिजलेली. या जोडाचा डावा अंगठा तुटला होता, तो तिने निळ्या दोऱ्याने स्वतःच शिवला होता.

आता मोहनरावांचा फायदा. परदेशातून आल्यावर चौकात अभिनंदनाचं फ्लेक्स लागतं, तो वरवरचा. खरा त्यांनी विमानात सांगितला. त्यांना साडेसाती चालू होती. गुडघा धरलेला, भावकीचा दावा कोर्टात, दोन बोअर कोरडे. शनीपुढे चपला सोडून याव्यात, म्हणजे पीडा तिथेच राहते, हे आपल्याकडे सगळेच करतात. मोहनराव राक्षसभुवनच्या शनीला तीनदा करून आले होते. तिन्ही वेळा कुणीतरी ओळखीचा, "मालक, तुमच्या चपला राहिल्या की तिथं," म्हणत घरपोच आणून द्यायचा.

"मोठं होण्याचा हा ताप हाय बे," मोहनराव म्हणाले. "म्हणून म्हणलं, जिथं कुत्रं वळखत न्हाई तिथं सोडून येऊ."

सोलमध्ये दोन दिवस हिंडून आम्ही आंदोंगला गेलो. आपल्या अंबाजोगाईसारखं गाव समजा. जुनं, शिकलेल्या माणसांचं, फार घाई नसलेलं. भोवती मिरची पिकवणारा डोंगराळ मुलूख, म्हणून कंपनीने ते निवडलं होतं. पण कॅलेंडर कुणी बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांचं नवं वर्ष लागत होतं, आणि निम्मं गाव बंद. बाजारात खारवलेले मासे जोडीजोडीने बांधून मांडलेले, ओसरीला सोललेल्या फळांच्या माळा वाळत टांगलेल्या. रस्त्यात माणसं थोडी, आणि जी होती ती हातात भेटीचे खोके घेऊन घराकडे निघालेली. थंडी अशी, की बोलताना दात दुखायचे.

एक चपलांचं दुकान मात्र उघडं होतं. मी वनमालाची चप्पल काउंटरवर ठेवली. दुकानदाराने झिजलेल्या टाचेवरून अंगठा फिरवला आणि न विचारता डाव्या बुटात आतून एक जाड तळवा बसवून दिला. माप तंतोतंत. इतकी आपुलकी मी माझ्या गिऱ्हाइकाला कधी दाखवली नाही.

संध्याकाळी गाईडने नदीवरचा लाकडी पूल दाखवला. काठाला पाणी गोठलेलं. तो म्हणाला, चारशे वर्षांपूर्वी इथल्या एका बाईने आजारी नवरा उठून चालावा म्हणून स्वतःचे केस कापून, त्यात ताग मिसळून जोडे विणले. ते घालायला तो उरला नाही. जोडे त्याच्याबरोबर पुरले, ते अलीकडे थडग्यात सापडले.

"केसाचे जोडे!" मोहनराव हसले. "आपल्या बायका केस कापायचं सोडून वरून गंगावन इकत घेतील. काय रे राधाकिशन?"

मीही हसलो. तोंडावरचा गाळा हसल्याशिवाय मिळत नाही.

आमचा मुक्काम एका जुन्या धाटणीच्या घरात होता. अंगणाभोवती तीन खोल्या, कागदी दारं, खालून तापवलेली जमीन. प्रत्येक दारापुढे दगडी पायरी, पादत्राणं काढायची. घर चालवणारी म्हातारी वाकलेली पण चपळ. ती फोनमध्ये तिच्या भाषेत बोलायची आणि फोनमधली बाई कोरड्या मराठीत आम्हाला सांगायची.

तिने वही उघडली. तिकिटावरचं नाव बदललं होतं, पण मुक्कामाची यादी जुनीच राहिली होती. तिने मोहनरावांच्या मिशांकडे बघितलं, मग वहीकडे.

"वनमाला कुठे आहेत?" फोनने विचारलं.

"सांग तिला, मीच वनमाला," मोहनराव म्हणाले. आमच्याबरोबरचे सगळे दुकानदार खो खो हसले. म्हातारी हसली नाही. तिने नाव खोडलंही नाही.

अंधार पडताना तिने अंगणातले सगळे जोड गोळा करून आत नेले आणि आमच्या दाराच्या खिळ्याला एक चाळण टांगली. पिठाची, साधी. मी बोटाने विचारलं.

"आज वर्षाची शेवटची रात्र," फोन म्हणाला. "एकजण येतो. बाहेर राहिलेले जोड घालून बघतो. जो बसेल तो घेऊन जातो. चाळण दिसली की भोकं मोजत बसतो. मोजता मोजता उजाडतं."

"हिशेबी दिसतो. आपल्याच लाइनीतला," मी म्हणालो. हे भाषांतर फोनने केलं की नाही माहीत नाही. म्हातारीने माझ्या हातावर नुसती चापट मारली आणि पुन्हा एकदा बुटांकडे, मग आतल्या खोलीकडे बोट केलं.

ती गेल्यावर मोहनराव उठून बसले. "राधाकिशन, आज अमुशा, उद्या शनवार. आणि इथं न्यायला माणूस सवता येतोय. असा योग लिहून दिला तरी यायचा न्हाई." त्यांनी आतून आपले चामडी बूट आणून माझ्या हातात दिले. "तू ठिवून ये बाहेर. चाळणीची भोकं मोजून झाली की नेतोच त्यो. माझा गुडघा वाकत न्हाई थंडीनं. मी उद्या ते पळायचे बूट घालीन."

बूट संभाजीनगरहून खास घेतलेले. निघाल्यापासून मी त्या बुटांकडे बघत होतो. माझ्याच मापाचे. परदेशात असा माल टाकून द्यायचा, हे माझ्या हाताला पटेना.

माझी बॅग दाराजवळच्या कोपऱ्यात होती, मोहनरावांची पाठ माझ्याकडे. मी बूट बॅगेच्या तळाशी घातले. त्यांना जागा करायला वनमालाच्या चपला बाहेर काढल्या. नवे बूट घेतले होते, आता या मापाला तरी कशाला लागणार होत्या? मोहनरावांनी दार किलकिलं करून बघितलं तर अंधारात एक जोड दिसायला हवा होता. मी त्या चपला पायरीवर ठेवल्या. जाण्यासारख्या, तोंडं बाहेर करून.

शपथेवर सांगतो, तेवढाच विचार केला होता.

सकाळी दार उघडलं. रात्रीतून बर्फ पडला होता. अंगण सपाट पांढरं, त्यावर चिमणीच्या पायाचीही खूण नाही. पायरीवरही बोटभर बर्फ होता, दोन जागा सोडून. तिथे दगड उघडा आणि कोरडा. दोन पावलांच्या आकाराच्या जागा. डावीची टाच बाहेरच्या बाजूला अरुंद.

"गेला बे, गेला!" मोहनराव माझ्या खांद्यावरून म्हणाले. "गेला शनी!"

म्हातारी आली. तिने त्या जागांवर आपली वीत ठेवून बघितली. मग मोहनरावांच्या पायांकडे बघितलं आणि माझ्याकडे वळली.

"कुणाच्या?" फोन म्हणाला.

मोहनराव शेजारीच उभे होते. मी मान हलवली. "कुणाच्याच नाहीत."

"बाईच्या आहेत. कुणाच्या?"

"जुन्या होत्या. टाकायच्याच होत्या," मी मोहनरावांना ऐकू जाणार नाही अशा बेताने फोनला म्हणालो.

म्हातारीने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा गाईड बसमधून हाका मारत होता. मी बॅग उचलली. तिला सांगितलं असतं तर तिने काय केलं असतं, कुणास ठाऊक. त्यांच्यात काहीतरी उपाय असेलच. चाळण टांगणारी माणसं पुढचंही काही करून ठेवत असतील.

दुपारी बस सोलच्या वाटेला असताना वनमालाचा फोन आला. आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेआठ.

"अवो, बूट घेतले का?"

"घेतले."

"माप कशानं बघितलं?"

"म्हणजे?"

"माझ्या चपला तर हितंच हायत. आत्ता दार झाडाया गेले तर उंबऱ्याबाहेर. तोंडं भायेर करून. तुमी नेल्याच न्हाईत व्हय?"

मी फोन खिडकीकडच्या कानाला घेतला.

"आन् वल्या हायत," ती म्हणाली. "गार. कुणी धुतल्यागत. निळा दोरा हाय, माझ्याच हायत. घालू का? पाय लई गार पडलेत सकाळपासून."

मोहनराव शेजारच्या सीटवर होते. त्यांचे डोळे मिटलेले होते, पण झोपलेला माणूस श्वास घेतो तसा ते घेत नव्हते. घालू नको म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं. चपला कुठे होत्या ते सांगावं लागलं असतं, आणि मग बूट कुठे आहेत ते. आणि बुटांच्या मागे गाळा होता.

घालू नको. दोन शब्द होते.

"असू दे," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली.

पुढचं मला बायनाबाईने सांगितलं. नऊच्या सुमाराला वनमाला गल्लीतून हायवेकडे निघाली. हातात काही नाही, डोक्यावर पदर.

"मी म्हणलं, कुठं निघालीस गं? तर म्हणती, मावशी, जपून चाला, बरफ लई हाय. मला वाटलं, गमत करतीय. ऊन तर कसलं पडलंतं!" बायनाबाई पुढे म्हणाली, "आन् एक सांगू का, राधाकिशन? लंगडत नव्हती. पोरीगत चालत होती. पाय टाकला की कचकच कचकच आवाज येई."

विहिरी बघितल्या. माजलगावच्या धरणापर्यंत माणसं पाठवली. स्टँडवर तिचे फोटो लावले. मुलगी तेजश्री अंबाजोगाईला शिकते, ती आली, महिनाभर राहिली आणि जाताना एवढंच म्हणाली, "तिचं तिकीट होतं, पप्पा." त्यानंतर तिचा फोन कामापुरता येतो.

मोहनरावांचा गुडघा फाल्गुनात मोकळा झाला. भावकीचा दावा मिटला. तिसऱ्या बोअरला पाणी लागलं. ते स्वतः दुकानी येऊन गाळ्याची किल्ली देऊन गेले, आणि माझ्या दुःखाकडे बघून डिपॉझिट घेतलं नाही. मी किल्ली घेतली. तिचे नवे बूट खोक्यातच आहेत. दाराला तेव्हापासून पिठाची चाळण टांगलेली असते. लोकांना वाटतं, बाई नसलेलं घर, वस्तू जागच्या जागी नाहीत.

मोहनराव गावात नसले की त्यांचे बूट मी घालतो. का घालतो ते विचारू नका. माझेही पाय आता गार पडतात, आणि दुसरं काही घातलं तरी ऊब येत नाही.

आज बुधवार. सकाळी साडेसातला फोन वाजला. कोरियातला नंबर. आज त्यांचं नवं वर्ष, ते मला नंतर सुचलं.

आधी फोटो आला. अंगणात बर्फ. फाटकापासून पायरीपर्यंत पावलांची एकच ओळ, येणारी. परतीची नाही. पायरीवर एक जोड. फोटो मोठा करून बघितला. डाव्या अंगठ्याला निळा दोरा.

खाली म्हातारीचा मजकूर, मराठी करून पाठवलेला. एकच शब्द.

"कुणाच्या?"

या वेळी शेजारी कुणी नव्हतं. मी लिहिलं, माझ्या बायकोच्या. तिचं नाव वनमाला. ती तिथे आहे का?

 मग उत्तर आलं.

"वहीत नाव आहे. खोली दोघांची. एक आली."

मी फोन हातात धरून बसून होतो, तेवढ्यात आणखी एक ओळ आली.

"एक बाकी."

मी दार उघडलं. बाहेर लख्ख उजाडलं होतं. चाळण खिळ्यावर जागच्या जागी. बूट काल मी स्वतःच्या हाताने कपाटात ठेवले होते. ते उंबऱ्याबाहेर होते, तोंडं हायवेकडे करून, ओले.

मोहनरावांचे म्हणून घेतलेले बूट. वर्षभरात चामडं माझ्या बोटांवर पुरतं बसलं आहे. आज तेच बूट कुणी ओळखायला आणले, तर मोहनरावसुद्धा म्हणतील, हे राधाकिशनचे.