डाव्या चाकावरचा पत्रा

लावा पोरांनो, गाडीच्या दिव्यांना काळी फिल्म लावा. मी कोण नाही म्हणणारा? गाडी तुमची, हौस तुमची. फक्त आधी हे ऐकून घ्या आणि मग वाटेल ते करा. जिन्यातला दिवा चालूच राहू दे. माझ्यासाठी नाही, तुमच्यासाठी म्हणतो.

तो आमच्या शेजारीच राहायचा. नाव सांगत नाही, त्याची बायको आजही रस्त्यात भेटते, हसून बोलते, तिला त्रास नको. गल्लीत सगळे त्याला पॉलिशशेठ म्हणायचे. औषधांच्या कंपनीत कारकून, पण गाडी मात्र दोन दारांची, बुटकी, जमिनीला पोट घासणारी. जुनी घेतली होती आणि चार वर्षं नवी करत होता. रुंद चाकं बसवली, स्प्रिंग कापून आणखी खाली आणली, सायलेन्सर बदलून तिला डरकाळी दिली. रविवारी पहाटे उठून धुवायचा. फेस एका बादलीत, साधं पाणी दुसऱ्या बादलीत, आणि पुसायचं फडकं खाली पडलं तर ते परत गाडीला लावायचं नाही, थेट फरशीला. त्याची बायको माझ्या बायकोला म्हणायची, "मला ताप आला तर हे थर्मामीटर शोधतात अर्धा तास. गाडीवर डाग पडला तर यांना झोपेत कळतं."

त्याचं गॅरेज आणि आमचं स्वयंपाकघर यांच्यात भिंत एकच. त्यामुळे मला कान लावावा लागत नाही, तो आपोआप लागतो.

डिसेंबरातला पहिला गुरुवार. संध्याकाळी सातला शेठ रंगाऱ्याला आणायला गेला. गाडी रंगवणारे हे मिस्त्री साठीचे, सुकलेले, शब्दाला महाग. शेठच्या गाडीचा रंग त्यांनीच डोळ्यांच्या अंदाजानं कालवला होता. सावलीत काळा दिसेल आणि उन्हात हिरवा, असा. उरलेला रंग एका डब्यात शेठनं जपून ठेवलेला. त्या दिवशी बंपरची एक कड तेवढी बाकी होती.

मिस्त्री गाडीतून उतरले ते दाराला धरून, कण्हत. "ही गाडी नव्हे, घसरगुंडी आहे," म्हणाले. "बसताना आपोआप जातो, उठताना दोन माणसं लागतात."

त्यांची काम करायची एक रीत होती. पत्रा पाण्याच्या कागदानं, म्हणजे ओल्या पॉलिशपेपरनं घासायचा, मग डोळे मिटून त्यावर तळहात फिरवायचा. कुठं किंचित खरखर लागली की हात थांबायचा आणि म्हणायचे, "इथं अजून आहे." की परत घासायचं. शेठ त्यांच्याकडूनच हे काम शिकला. मिस्त्री हाताखालच्या माणसाला रागवायचे नाहीत. त्याच्या हातावर स्वतःचा हात ठेवून घासून घ्यायचे, बस.

काम संपलं आणि त्यांची नजर पुढच्या दिव्यांवर गेली. काळी फिल्म नवीनच लावलेली.

"हे काय काळं फासलंय?"

"मिस्त्री, दिसायला भारी दिसतं."

"आणि रस्ता?"

"सवय होते हो."

मिस्त्रींनी नखानं फिल्मची कड जराशी उचलून पाहिली. "काढ ती," म्हणाले. शेठनं हो म्हटलं आणि काढली नाही. पावणेअकराला ते गोदामांच्या रस्त्यानं चालत घरी निघाले. हा म्हणाला, सोडतो. ते म्हणाले, "नको, उद्या मला उठायचंय." हीच त्यांची शेवटची थट्टा.

अकरा वाजून वीस मिनिटांनी शेठनं गाडी बाहेर काढली. नवा सायलेन्सर मोकळ्या रस्त्यावर ऐकायचा होता. मी भांडी पुसत होतो. आवाज गल्लीच्या टोकाला गेला, वळला आणि गोदामांच्या रस्त्याला लागला.

इथून पुढचं त्यानं स्वतः सांगितलं, तसंच सांगतो.

गोदामांपुढच्या वळणावर दिवे नाहीत. त्याच्या दिव्यांतून चहाच्या पाण्यासारखा उजेड पडत होता. डाव्या कडेला काहीतरी आलं. धप्प झालं. तो पन्नास पावलांवर थांबला. आरशात पाहिलं. पाय ब्रेकवर होता म्हणून मागे सगळं लाल दिसत होतं. त्या लालीत एक माणूस पडलेला. त्याचा हात वर झाला. हलला.

शेठनं हात ओळखला.

आणि ब्रेकवरचा पाय उचलला. लाली गेली, मागे काही दिसेना. घरी येऊन शटर ओढलं.

मिस्त्री सकाळी सव्वापाचला एका ट्रकवाल्याला सापडले. डॉक्टर म्हणाले, तीनच्या सुमारास गेले असावेत. म्हणजे साडेतीन तास होते. एका फोनचं काम होतं.

शुक्रवार आणि शनिवार त्यानं सुट्टी टाकली. डाव्या चाकावरचा पत्रा आत गेला होता. जमेल तेवढा ठोकून बाहेर काढला, उरलेला खड्डा पुट्टीनं भरला, वर प्रायमर, वर रंग, वर चकाकीचा लॅकर. रंग कुठला? त्या डब्यातला. मिस्त्रींनीच कालवलेला. मिस्त्रींनीच शिकवल्याप्रमाणे डोळे मिटून तळहात फिरवला, कुठं काही लागेना. दिव्यांची फिल्म काढून टाकली, आता. रविवारी धुतलेल्या शर्टात मिस्त्रींच्या घरी जाऊन बसला. त्यांची बायको म्हणाली, "तुमच्या गाडीचं फार कौतुक करायचे." यानं चहा पूर्ण प्यायला. हे मी पाहिलंय, मी शेजारच्याच खुर्चीवर होतो.

बुधवारी पोलीस गल्लीतल्या गाड्या बघून गेले. त्या पत्र्यावर टॉर्च मारून हवालदार म्हणाला, "ठेवावी तर अशी."

तरी हा धास्तावला. बाहेरगावचं गिऱ्हाईक ठरवलं. येता रविवार सोडून पुढच्या रविवारी सकाळी नऊला ते येणार आणि गाडी घेऊन जाणार. एकदा गाडी गेली की मिस्त्रींचं प्रकरणही गेलं. अकरा दिवस काढायचे होते.

सहा निघाले. मग मंगळवार रात्र आली.

बुधवारी सकाळी त्यानं शटर उघडलं, तर त्या पत्र्यावर तळहाताएवढी जागा फिकी. ओरखडा नाही, डाग नाही. वरचा लॅकर तेवढा गेलेला. कुणीतरी पाणी घेऊन, बारीक कागदानं, सरळ एका रेषेत, बेतानं घासलेलं. खाली फरशीवर राखाडी पाण्याचा ओघळ. ओला.

किल्ली एकच, ती याच्या खिशात. तरी म्हणाला, लॅकरच खराब लागला असेल. परत मारला.

शुक्रवारी सकाळी त्याच जागी रंगही नव्हता. खालचा प्रायमर पांढरा फटफटीत, एखाद्या मेलेल्या डोळ्यासारखा. हा दुकानात धावला. दुकानदार म्हणाला, "शेठ, पाण्याचा कागद आठवड्यात दुसऱ्यांदा? गाडी घासताय की झिजवताय?" हा हसला नाही. रात्री बारापर्यंत बसून सगळं परत केलं. आता एकच रात्र उरली होती.

शनिवारी त्यानं ठरवलं, आतच बसायचं. बायकोला म्हणाला, "शेवटची रात्र आहे, हात फिरवतो जरा." ती म्हणाली, "जा बाई, निरोप घ्या सवतीचा." आतून शटर ओढलं, कुलूप लावलं. ट्यूबलाइट चालू. स्टुलावर बसला, त्या पत्र्यासमोर. कागद, बादली, सगळं उचलून फळीवर उंच ठेवलं होतं.

अकरा वाजले. काही नाही.

अकरा दहा. काही नाही. गाडीच्या चकाकीत त्याला स्वतःचं तोंड दिसत होतं.

अकरा वीस.

खर्र.

बारीक आवाज. पाण्यात घासल्यासारखा.

खर्र… खर्र…

त्यानं फळीकडे पाहिलं. कागद तिथंच. बादली तिथंच. पत्र्यावरून पाणी मात्र ओघळत होतं. आधी स्वच्छ. मग दुधाळ. मग हिरवट काळं.

रंग जात होता. घासणारं कुणी नव्हतं.

तो उठला. कुलपापाशी गेला. किल्ली खिशात होती, हातात येईना. बोटं ओली होती. कशानं, कळेना.

आवाज थांबला.

एवढी शांतता झाली म्हणे, की ट्यूबलाइटची घरघर ऐकू आली. चकाकीत त्याला आपलं तोंड दिसलं. आणि त्यामागे…

तो वळला नाही.

मानेजवळ कुणीतरी श्वास घेत होतं. तुटका. छातीत काहीतरी मोडलेलं असलं की घेतात तसा.

"इथं अजून आहे."

मोठ्यानं नाही. रागानं नाही. नेहमीच्या आवाजात.

"मिस्त्री… मला दिसलं नाही. अंधार होता…"

श्वास तसाच चालू.

"मिस्त्री, मी थांबलो होतो…"

एक हात त्याच्या उजव्या हातावर येऊन बसला. थंड. जड. पाठीमागून, शिकवताना ठेवतात तसा. हात पत्र्यावर नेला. दाबला. कागद होता की नाही, त्याला आठवत नाही.

खर्र.

पुढे. मागे.

"मी सांगतो सगळं. सकाळी सांगतो…"

पुढे. मागे.

"आता जाऊन सांगतो, सोडा…"

"अजून आहे."

भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात अंथरूण टाकून मी जागा होतो. आवाज ऐकत होतो. मनात म्हटलं, काय माणूस आहे, गाडी विकायच्या रात्रीसुद्धा घासतोय. कूस बदलली. पोरांनो, ते मला आजही लागून आहे. भिंतीवर एक थाप मारली असती तर… जाऊ दे.

तीनच्या सुमारास त्याच्या हातावरचा हात उचलला गेला. याचा मात्र थांबला नाही.

रविवारी नऊला गिऱ्हाईक आलं. शटर उघडेना, आतून उत्तर येईना. मी आणि गिऱ्हाइकानं पहारीनं शटर उचकटून आतलं कुलूप तोडलं. वहिनी मागे उभ्या होत्या, त्यांना मी मागेच थांबवलं.

तो गुडघ्यांवर बसला होता. घासत होता. हातात कागद नव्हता. बोटांची टोकं… ते राहू दे. खाली पाणी होतं, आणि ते राखाडी नव्हतं. रंग गेला होता, प्रायमर गेला होता, पुट्टी गेली होती. पत्रा उघडा पडला होता आणि खड्डा जसा पडला होता तसाच समोर होता. त्या खड्ड्यात माणसाचा खांदा बसेल.

आमच्याकडे न बघता त्यानं सगळं सांगितलं. गुरुवार, अकरा वीस, लाल उजेड, हात. गिऱ्हाईकच पोलिसांना फोन करायला बाहेर गेलं.

तो आत आहे अजून. उजव्या हातानं त्याला सही करता येत नाही. अंगठाही उठत नाही, त्याच्यावर रेषाच राहिल्या नाहीत. मिस्त्रींच्या बायकोला मी जाऊन सांगितलं.  ती म्हणाली, "त्यांनी काम अर्धं कधी सोडलं नाही."

डॉक्टर म्हणतात, मनानं खाल्लं त्याला. झोपेत उठून स्वतःच घासायचा. असेलही. मी चार बुकं शिकलेला माणूस, डॉक्टरांपुढे काय बोलणार.

पण ती गाडी चौकीच्या मागच्या आवारात उघड्यावर पडली आहे. चार वर्षं झाली. वर छप्पर नाही. चाकं गंजली, दारं गंजली, कुठंकुठं पत्र्याला भोकं पडली. उघड्या लोखंडाला पाणी लागलं की दोन दिवसांत लाल होतं, हे कुठल्याही रंगाऱ्याला विचारा.

तो खड्डा मात्र लखलखीत आहे.

मागच्या मे महिन्यात एका कामासाठी चौकीत गेलो होतो. भर दुपार, आवारातल्या मातीला भेगा पडलेल्या. मला राहवलं नाही. मागे गेलो आणि त्या जागी तळहात टेकवला.

गार होतं.

हात उचलला, तर बोटांवरून राखाडी पाणी ओघळत होतं.