सकाळचे बेचाळीस

मिरजेच्या माळावरच्या घ्राणशाळेत कामाची सुरुवात एका बाटलीने होई. बाटलीत नऊ दिवस कुजवलेली बांगड्याची आतडी असत. डॉ. कुमुद सरवदे रोज सकाळी ओठमापकाच्या कॅमेऱ्यासमोर बसत, बूच काढत आणि एकदाच खोल हुंगत. डोळ्यांत पाणी येई आणि वरचा ओठ आपोआप नाकाकडे ओढला जाई. तो किती ओढला गेला, ते यंत्र आकड्यात सांगे. बेचाळीस. नऊ वर्षांत कधी एक्केचाळीस, कधी त्रेचाळीस, पण त्यापलीकडे कधी नाही. यंत्र ठीक चालतंय, याची ती खूण होती.

आजही बेचाळीस आले. कुमुदताईंनी तारीख घालून आकडा वहीत लिहिला आणि भिंतीवरच्या पडद्याकडे पाहिलं.

"अजून तेच दाखवतायत?"

"सकाळपासून तेच, ताई," त्यांची सहकारी डॉ. निलोफर मुजावर म्हणाली.

पडद्यावर स्वच्छतामंत्री उत्तमराव काटकर नाल्याचं पाणी पीत होते. पाणी काळपट हिरवं होतं, वर तेलकट तवंग होता आणि तळाशी केसांच्या गुंत्यासारखं काहीतरी हलत होतं. साहेबांनी पेला रिकामा केला, मिशा पुसल्या आणि नाला शुद्ध झाल्याचं जाहीर केलं. शेजारी उभ्या असलेल्या नटीनेही हसत हसत एक पेला घेतला. येत्या रविवारपासून ती 'पिऊन दाखवा' नावाची स्पर्धा घेणार होती.

कुमुदताईंना मळमळून आलं. "थांबव. त्यांचे ओठ मोज."

निलोफरने चित्र थांबवून ओठमापक लावला. दोघांचेही शून्य.

"कितीही खंबीर माणूस असला तरी पाच-सहा येतातच," ती म्हणाली. "शून्य फक्त आपल्या औषधाने येतं. वीस मिनिटांत लागू, दोन दिवस टिकाऊ."

औषध त्यांनीच बनवलं होतं, तेही चांगल्या हेतूने. जळालेल्या, सडलेल्या जखमा धुताना नव्या परिचारिकांना ओकाऱ्या येत, कित्येक जणी नोकरी सोडून जात. मेंदूच्या आत दुमडलेला एक भाग आहे, त्याला या दोघी द्वीपखंड म्हणत. कुजका वास आला की तो पेटतो. औषध त्याला निजवतं. घृणा घालवणारं म्हणून निलोफरने गमतीने त्याचं नाव 'निर्घृण' ठेवलं होतं, तेव्हा दोघी पोट धरून हसल्या होत्या.

आज निलोफर हसत नव्हती. "ताई, काल मी कोश काढून बसले. संस्कृतात घृणा म्हणजे किळस, आणि घृणा म्हणजे दयासुद्धा. एकच शब्द. म्हणून तर निर्दय माणसाला निर्घृण म्हणतात."

"शब्द सोड. पुरावा काय?"

"द्वीपखंड. नासलेलं दूध पाहून तो पेटतो. कुणी म्हाताऱ्याला लाथ मारली, तरी तोच पेटतो. मेंदूने दोन कामांना एकच दिवा लावलाय. आपण तो विझवला."

पुरावा कुमुदताईंच्या वहीतच होता. ज्या रुग्णालयात परिचारिकांवर औषधाची चाचणी चालू होती, तिथे त्या काल जाऊन आल्या होत्या. एक आजोबा तीन दिवस स्वतःच्या मलमूत्रात पडून होते. पाठीच्या जखमेत अळ्या वळवळत होत्या. खाटेच्या कडेवर बसून सिस्टर अल्का पोळीभाजी खात होती. तीच अल्का, जी वर्षापूर्वी रुग्णांचे पाय दाबून द्यायची.

"अगं, वास येत नाही का तुला?" कुमुदताईंनी विचारलं होतं.

"येतो ना, मॅडम. वास येतो. वाईट वाटत नाही." तिने काही लपवलं नाही. लपवायला लाज लागते.

त्या आजोबांना कुमुदताईंनी स्वतः धुतलं होतं. रात्रभर हाताचा वास गेला नव्हता.

दुपारी मंत्रिमहोदय येणार होते. संशोधकाची सही झाली की औषध 'निर्मळ' या नावाने घरोघरी वाटायचं होतं.

उत्तमराव आले ते पाच अधिकारी आणि कोकम सरबताचा थर्मास घेऊन. त्यांनी दोघींनाही पेले भरून दिले. "घ्या डॉक्टरबाई, उन्हाचं बरं असतं."

कुमुदताईंनी पेला संपवला आणि औषधाचे परिणाम सविस्तर सांगायला सुरुवात केली. साहेबांनी अर्धा तास मान डोलावली.

"अहो, नाले साफ करायचे म्हणजे केवढा व्याप!" शेवटी ते म्हणाले. "त्यापेक्षा लोकांना नाला चालायला लागला, की प्रश्नच मिटला."

कुमुदताईंनी आजोबांच्या पाठीचा फोटो पडद्यावर लावला. एका अधिकाऱ्याने बटाटेवड्याचा घास घेतला.

"फोटो छान आलाय," साहेब म्हणाले. "उजेड चांगला आहे."

खरंच उजेड चांगला होता, असं कुमुदताईंना वाटलं. खिडकीतून तिरपा येणारा. आणि त्या जागच्या जागी थबकल्या.

त्यांनी बाटली घेतली, बूच काढलं, खोल हुंगलं. वास येत होता. बांगड्याचा होता. ओठमापकाने पट्टीवर आकडा छापून दिला: शून्य.

"यंत्र बिघडलं वाटतं तुमचं!" उत्तमराव खो खो हसले. "अहो, सरबतात निर्मळ आहे. आम्ही बैठकीत सगळ्यांनाच देतो. भांडणं होत नाहीत. लपवायचं काय त्यात? करा सही."

निलोफरने आपला भरलेला पेला हळूच टेबलावर ठेवला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "ताई..."

कुमुदताईंना राग येत नव्हता. समोरची माणसं वाईट वाटत नव्हती. सही करू नये, असं आतून काहीच सांगत नव्हतं. कागदावर रिकामी जागा होती, हातात पेन होतं.

त्यांनी वही उघडली. त्यात आजोबांबद्दल चार ओळी होत्या. शेवटची इतकी दाबून लिहिलेली, की कागद फाटला होता. त्यांनी ती दुसऱ्या कुणाचं पत्र वाचावं तशी वाचली. त्याखाली आजची तारीख आणि बेचाळीस.

"निलोफर," त्या शांतपणे म्हणाल्या, "एकाच दिवशी यंत्राने दोन आकडे दिले, तर आपण कोणता धरतो?"

"औषधाआधीचा."

"मग सकाळच्या बाईचं ऐकायचं. मला आता काही कळत नाहीये, पण तिला कळत होतं."

त्यांनी सहीच्या जागी 'नामंजूर' लिहिलं आणि शून्याची छापील पट्टी कागदाला टाचली. मग हात पुसून, अगदी साध्या आवाजात सांगितलं:

"हा माझा पेला कुणी धुऊ नका."