पायाकडच्या बाई

लोह्याचे रेणुकादास मास्तर नांदेडला आले होते ते नवी गादी घ्यायला. मुख्याध्यापकी संपली त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली होती आणि घरात सगळा आळ गादीवर आला होता. इतवाऱ्यात मकसूदभाईंच्या दुकानात त्यांनी सात गाद्या दाबून पाहिल्या आणि आठवीवर बसून उसासा सोडला.

मकसूदभाई म्हणाले, "मास्तर, गादी बदलून काय होनार? वर माझी पोरगी बसते. तिला दाखवून बघा."

खरं सांगायचं तर बापाचा पोरीच्या विद्येवर काडीचा विश्वास नव्हता. सादिया फिजिओथेरपीनंतर पुण्याला क्रेनिओसेक्रल नावाचं काहीतरी शिकून आली होती. पेशंटच्या डोक्याखाली किंवा माकडहाडाखाली नुसते तळवे ठेवायचे, नाण्याएवढा भार द्यायचा आणि ताणलेल्या नसांना आपापलं निवू द्यायचं. आता ज्या उपचारात 'आई गं' म्हणून ओरडावं लागत नाही, त्याला नांदेडचा माणूस उपचार कशाला म्हणेल? दोन महिन्यांत तीन पेशंट आले. तिसरा अर्ध्या तासानं म्हणाला, "म्याडम, सुरू कधी करनार?" बकरी ईदपर्यंत जम बसला नाही तर त्या खोलीत कापूस भरायचा, असं बापलेकीत ठरलं होतं.

तर मास्तर आडवे झाले. उन्हाळ्याची दुपार होती आणि वीज नुकतीच गेली होती. पंखा फिरत फिरत थांबला. पडदे ओढलेले, दाराला आतून कडी, खालून येणारा कापसाचा कोंदट वास. सादिया उशाशी स्टुलावर बसली आणि तिनं मास्तरांच्या डोक्याखाली तळवे सरकवले. हळूहळू त्यांचा श्वास लांबला. रस्त्यावरचे हॉर्नसुद्धा दूर गेल्यासारखे वाटायला लागले.

तेवढ्यात मास्तर मिटल्या डोळ्यांनी पुटपुटले, "असू द्या, असू द्या... शतायुषी व्हा..."

बरळताहेत, असं सादियाला वाटलं. पुढचे दोन तास मास्तर असे घोरले की खाली गिऱ्हाइकं वर बघायला लागली.

जागे झाल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "बाई, वर्षभरानं झोपलो हो. डोक्याशी तुम्ही होतात. पण पायाशी कोण होत्या? हात गार होते, पण काय माया होती हाताला! चाळीस वर्षं पोरं पाया पडली. पायांना हात लागला की तोंडातून आशीर्वाद आपोआप निघतो. बरोबर घेतला ना त्यांनी?"

सादियानं दाराकडे पाहिलं. कडी तशीच होती.

"हो..." ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार? कापूस समोर दिसत होता.

पुढच्या आठवड्यात मास्तरांच्या पत्नी लताबाई पुरणपोळ्यांचे दोन डबे घेऊन हजर. "एक तुम्हाला. दुसऱ्या बाई कुठं आहेत? सवाष्ण आहेत ना? कुंकू लावावं म्हणते. आमच्या यांच्या पायांना परक्या बाईनं हात लावला, मला आधी रागच आला होता बघा. पण माणूस झोपला!"

"त्या... बाहेर गेल्यात," सादिया म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला.

मग काय, लोहा, जळकोट, रेणापूर, सगळीकडून माणसं यायला लागली. जळकोटचे धोंडप्पा तर जिन्यातूनच ओरडले, "डाक्टरबाई, तुमचं डोक्याचं ऱ्हाऊ द्या! त्या पायाकडच्या मोकळ्या हायत का?"

सादियाच्या आईनं, साबेराबींनी, दुआ फुंकलेलं पाणी चारही कोपऱ्यांत शिंपडलं. त्या दिवशी पेशंट म्हणाले, आज हात जास्तच गार होते, बरं वाटलं उन्हाचं. साबेराबी हात टेकून म्हणाल्या, "मास्तरनं शंभर वर्षांची दुआ दिली. येवढी दुआ घेऊन कोन जाईल? तू हिम्मत नको हारू."

मकसूदभाई कापसाचं नाव काढेनात. जम बसला होता; पण कुणाचा? सादियाला भीती वाटायची, त्याहून जास्त हेवा वाटायचा, आणि भुताचा हेवा करायची तिला लाज वाटायची. चार वर्षं फिजिओथेरपी, वर पुण्याचं शिक्षण, आणि नाव पायाकडच्या बाईचं! पाय तिचे असतील, पण डोकं माझं आहे, असं ती मनाशी घोकायची. झोप डोक्यातून येते, आणि डोक्याखालचे हात माझे आहेत.

एका शुक्रवारी दुपारी दुकान नमाजासाठी बंद होतं. सादियानं कडी लावली आणि स्वतःच टेबलावर आडवी झाली. हात पोटावर ठेवून तिनं डोळे मिटले.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग टाचांखाली गारवा सरकला. एक तळवा... मग दुसरा. भार बरोबर, शिकवतात तेवढाच.

"हे बघा..." ती कुजबुजली, "तुम्हाला जा म्हणत नाही मी. एवढंच सांगा... लोकांना बरं वाटतं ते कुणाच्या हातांनी? माझ्या... की तुमच्या?"

मग टाचांखालचे हात एकेक बोट सोडवत निघून गेले.

सादियानं सुटकेचा श्वास टाकला. पायाकडची बाई बाजूला झाली होती. म्हणजे श्रेय आपलंच! डोकं किती हलकं झालं होतं. कुणीतरी अलगद तोलून धरल्यासारखं...

तिनं पोटावरची बोटं चाचपली. दहाही तिथंच होती. डोक्याखाली मात्र दोन तळवे होते, उबदार, आणि ते निघत नव्हते. ही ऊब तिला चांगली ओळखीची होती. पेशंटचं डोकं धरून बसली की तिच्या हातांना रोज खालून ती लागायची, पहिल्या पेशंटपासून. आजवर ती टेबलावरच्या गादीची ऊब समजत आली होती.