तारमास्तरांचा हात

मी कवळ्या तयार करतो. दिवसभर माझ्यासमोर तीस-चाळीस जबडे मांडलेले असतात, पण एकही दोन शब्द बोलत नाही. म्हणून पन्नाशी उलटल्यावर मी हॅम रेडिओचं लायसन काढायचं ठरवलं. घरबसल्या जगात कुणाशीही बोलता येतं, असं ऐकलं होतं.

बायको म्हणाली, "शेजारणीच्या नवऱ्याशी बोला की. त्याला लायसन लागत नाही."

पण तिनेच भाजी निवडता निवडता माझी उजळणी घेतली. सहा महिने घासल्यावर मोर्सची, म्हणजे डॉट-डॅशच्या ठोक्यांची, परीक्षा पास झालो. हवेत वापरायचं माझं स्वतःचं नाव, म्हणजे कॉल साइन, पत्राने घरी आलं. मी ते फ्रेम करून भिंतीवर लावलं.

आता सेट हवा होता. मागच्या गल्लीतले तारमास्तर, तारखात्यातून निवृत्त झालेले आणि हॅम रेडिओचे जुने हौशी, वर्षापूर्वी वारले होते. त्यांचा सेट चादरीखाली पडून आहे असं कळलं, म्हणून एका सकाळी मी त्यांच्या बायकोकडे, काकूंकडे गेलो.

"न्या हो," काकू म्हणाल्या. "सवतीसारखा नांदला माझ्या घरात. त्या दिवशीही चहा गार होतोय म्हणून मी हाका मारतेय, आणि हे तपकिरीची चिमूट ओढून कानाला ते भोंगे लावून बसलेले. नुसतं एक बोट वर केलं. म्हणजे, एक मिनिट. मी चिडून बाजारात निघून गेले. परत आले, तर बोट तसंच वर..."

"आणि चहा?" विचारू नये ते मी विचारून गेलो.

"मीच प्यायले. हातपाय गळाले होते माझे."

मंगळवारी दुपारी मी सेट घरातल्याच माझ्या कवळ्यांच्या कारखान्यात मांडला आणि गच्चीवर एरियलची तार ताणली. बाहेर आभाळ इतकं दाटून आलं होतं की तीन वाजताच दिवा लावावा लागला. फळीवर कवळ्या वाळत होत्या. सेट हळूहळू तापला, तशी आतली जुनी धूळ जळल्याचा वास सुटला. कानात नुसती खरखर, कुणीतरी लांबवर वाळूतून पाय ओढत चालल्यासारखी. मी ठोके द्यायच्या चावीवर बोट ठेवलं आणि माझं नाव वाजवलं. थांबलो. पुन्हा वाजवलं. धुळीच्या वासात आता तपकिरीचा वास मिसळला होता. माझ्या घरात कुणी तपकीर ओढत नाही. मला सणकून शिंक आली.

तेवढ्यात खरखर एकदम थांबली. स्वच्छ, मोजून मापून कापल्यासारखे ठोके आले. मी अक्षर अक्षर लिहून घेतलं.

'डॅश फार ओढता. पुन्हा.'

मी पुन्हा वाजवलं.

'पुन्हा.'

असं चार वेळा. पाचव्यांदा समोरच्याने स्वतःची कॉल साइन दिली. मी सेटच्या अंगावरची, मास्तरांची कॉल साइन कोरलेली पितळी पट्टी पाहिली. तीच होती... माझा हात लटपटायला लागला.

'थरथरू नका. अक्षर बिघडतं.'

मेलेला माणूस भेटला तर काय विचारायचं, हे अभ्यासक्रमात नव्हतं. मी कसंबसं वाजवलं, 'काय हवंय?'

 मग, 'तिला सांगा, मिनिट झालं.'

मी तसाच, एका पायात चप्पल घालून, काकूंकडे धावलो. त्यांनी सगळं ऐकलं, डोळे पदराने पुसले.

"त्यांना सांगा, चहा संपला." मग हळूच म्हणाल्या, "आणि विचारा... शेवटी कोणाशी बोलत होते? माझी हाक ऐकूनसुद्धा उठले नाहीत, असं कोण होतं?"

 "काकू, तिसऱ्याचे निरोप पोचवायला बंदी आहे. माझं लायसन जाईल."

"आणि मेलेल्या माणसाचं लायसन चालतं?"

"त्याबद्दल नियमांत काही लिहिलेलं नाही."

"मग मीच काढते माझं!"

वय अडुसष्ट. माझ्या बायकोने त्यांची उजळणी घेतली, अगदी माझी घेतली होती तशी, फक्त ओरडली कमी. काकू चमच्याने टेबल बडवत मोर्स शिकल्या. परीक्षकांनी विचारलं, "आजी, या वयात कोणाशी बोलणार?"

"घरच्यांशी," काकू म्हणाल्या. पहिल्याच फटक्यात पास!

तोवर मी सेटला हात लावला नव्हता. लायसन आलं त्याच दुपारी काकू माझ्या खुर्चीत बसल्या. कानाला भोंगे लावले, पदर खोचला आणि आपलं नाव वाजवलं. ठोके द्यायच्या ढबीला आम्ही 'हात' म्हणतो, तो सहीसारखा ज्याचा त्याचा असतो; काकूंच्या हातात डॅश माझ्याहून लांब, ठोके अडखळते. मी डोळे मिटून घेतले. आता मास्तर काढणार एकेक चूक.

त्यांनी एकही काढली नाही.

काकूंनी तो प्रश्न विचारला. भोंग्यांतून बाहेर येणारी खरखर थांबली. दिवा बारीक झाल्यासारखा वाटला. काकू एकेक अक्षर कागदावर उतरवत होत्या आणि मी त्यांच्या खांद्यावरून वाचत होतो.

'हात ओळखीचा वाटला. कुणाचा ते आठवेना. म्हणून उत्तर दिलं. मीच होतो.'

मी खुर्चीपासून दोन पावलं मागे सरलो. काकू मात्र कागदाकडे पाहत राहिल्या आणि एकदम हसल्या. "मला वाटलंच! जन्मभर स्वतःशीच बोलले, जातानाही दुसरं कोण भेटणार?"

त्या संध्याकाळी सेट त्यांनी घरी नेला. आता रोज दुपारी त्यांच्या खिडकीतून ठोके ऐकू येतात. भांडण चाललं असेल तर ते गल्लीच्या टोकापर्यंत कळतं. काकूंची तब्येत सुधारली आहे. मीही समाधानाने माझ्या मुक्या जबड्यांकडे वळलो.

आता हे पाहा. आम्हा हौशी लोकांत रीत आहे, हवेत बोलणं झालं की पोस्टाने एकमेकांना कार्ड पाठवायचं. त्यावर तारीख, वेळ, आवाज किती स्पष्ट आणि अंतर किती, एवढं लिहायचं. झालेल्या बोलण्याची पोच म्हणा. हे कार्ड आज सकाळी आलं. वर कॉल साइन माझी. पाठवणाऱ्याच्या जागीही माझीच. वेळ दुपारी तीन पन्नास, आवाज उत्तम, अंतर शून्य. अक्षर बायकोला दाखवलं, ती म्हणाली, "तुमचंच आहे की. कधी लिहिलंत?"

तारीख गुरुवारची आहे.

आज बुधवार. उद्या दुपारी माझ्याशी बोलत बसायला तुम्ही मोकळे आहात का हो?