खालच्या थरातली नाणी

दाजी निवृत्त झाले आणि मेटल डिटेक्टर घेऊन आले. किंमत म्हणाल तर नाकापेक्षा मोती जड. आजवर सापडलं काय, तर खिळे, बिजागऱ्या आणि एक चमचा. पण माणूस खूश होता. गेल्या वर्षी त्यांच्या हृदयात जाळी बसवली, तेव्हापासून ताई मला सोबत पाठवते.

"यंत्र त्यांना फिरवू दे, पण खणायचं तू," ती त्या दिवशीही म्हणाली. "धड घरी आण, बाबा."

मी वॉशिंग मशीन दुरुस्त करतो. बिघाड असला की कारण असतंच, असं मानणारा माणूस आहे मी.

बंद पडलेल्या साबण कारखान्यामागे मोकळं मैदान आहे. सकाळी ऊन छान होतं. कुंपणाजवळ यंत्र वाजलं, बारीक, अगदी दबक्या आवाजात. दाजींनी चकती आडवी फिरवली, मग उभी. आवाज तिथेच.

"खोल आहे," ते कुजबुजले. जणू नाणं ऐकून पळून जाणार होतं.

मी खणलं. कोपरभर खाली एक नाणं मिळालं, झिजून गुळगुळीत झालेलं. दाजींनी मला मिठीच मारली. मग डिटेक्टर फिरवणाऱ्या लोकांच्या नियमाप्रमाणे रिकाम्या खड्ड्यात यंत्र धरलं. काही सापडलं की खड्डा पुन्हा तपासायचा, हे त्यांचं ठरलेलं.

यंत्र वाजलं. तसंच दबकं.

दुसरं नाणं कमी झिजलेलं होतं. त्याखालचं माझ्या लहानपणी चालायचं तसं. जितकं खोल तितकं जुनं, एवढं मलाही कळतं. इथे सगळं उलटं चाललं होतं.

"कुणीतरी माती भरताना खालची वर केली असणार," मी म्हणालो.

पण माती घट्ट चिकण होती, कधी कुणी न हलवलेली. खड्ड्याच्या भिंतीतून गवताची मुळं सलग खाली गेली होती. मी ती बोटाने चाचपून पाहिली आणि मला बरं वाटलं नाही.

छातीभर खोलीवर यंदाचं नाणं निघालं. कोरं, चकचकीत. मी कसाबसा वर चढून आलो.

"दाजी, पुरे. ताई वाट बघतेय."

"अरे मेकॅनिकसाहेब, एकदा तपासतो नुसतं."

"तपासा. उतरू मात्र नका. मी गाडीतून पाणी आणतो."

पालथ्या घड्यावर पाणी. परत आलो तर दाजी वर नव्हते. खड्ड्यात वाकून पाहिलं, तर त्यांचं टक्कल खूप खाली दिसलं. इतक्या वेळात एवढं खणणं शक्यच नव्हतं. बाहेरचा मातीचा ढीग तर होता तेवढाच होता.

"दाजी!"

त्यांनी वर पाहिलं. चेहरा घामाने थबथबला होता. "हे बघ," ते म्हणाले. "पुढच्या वर्षाचं आहे."

"छापण्यातली चूक असेल. हलू नका तुम्ही!"

मी पळत जाऊन गाडीवरची माझी कामाची शिडी काढून आणली आणि आत सोडली. तिची दोन टोकं गवताच्या वर राहिली, हे मी नीट पाहिलं. मग उतरलो. दाजींना धाप लागली होती. एक हात छातीवर, दुसऱ्याची मूठ आवळलेली.

"चला. माझ्या खांद्यावर हात टाका."

"अजून वाजतंय रे खाली."

"वाजू दे!"

त्यांना पुढे घालून मी एकेक पायरी चढवत गेलो. शेवटच्या पायरीवर ते थांबले.

"चढा ना."

"शिडी संपली."

मी वर पाहिलं. शिडीची टोकं भिंतीला टेकली होती. त्यांच्याही वर माती होती. आभाळ बशीएवढं दिसत होतं.

"आता कोणत्या सालचं नाणं आहे हातात?" मी विचारलं. का विचारलं, कोण जाणे.

"नको वाचायला लावूस," दाजी म्हणाले. ते रडत होते.

आभाळ बटणाएवढं झालं.

मग तेही दिसेना.

मी भ्यालो. साफ भ्यालो. दाजींना घट्ट धरून शिडीवर तसाच उभा राहिलो. मोबाईल लावून पाहिला. ताईचा नंबर अस्तित्वात नाही, असं कुणी बाई शांतपणे सांगत होती. अंगाला चारी बाजूंनी ओली माती लागत होती. दाजींचा श्वास मला माझ्या छातीत जाणवत होता.

तेवढ्यात वरून आवाज आला. बारीक, दबका.

यंत्राचा.

तो आमच्यावरून आडवा गेला. थांबला. मग उभा आला.

आम्ही ओरडलो. घसा फाटेस्तोवर ओरडलो. मी मुठीने शिडी बडवली.

आवाज अगदी आमच्या डोक्यावर स्थिरावला.

"दोन आहेत वाटतं, शेजारी शेजारी," कुणी तरुण मुलगी म्हणाली. "पण फारच खोल आहेत गं. राहू दे, चल."