दारामागचं ‘येते हं!’

“आजी समुद्रात पडल्या!”

जहाजावर ही आरोळी उठली तेव्हा डॉक्टर दाढीला साबण लावून उभे होते. ते तसेच बाहेर धावले. त्यांच्या बाईसाहेब त्यांच्याआधीच आजींच्या खोलीत पोहोचल्या होत्या. डॉक्टरांनी जन्मभर लोकांचे दात उपटले, बायकोने लोकांची बिंगं फोडली. खासगी तपासात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. या सफरीत तरी कुणाच्या भानगडीत पडायचं नाही, असं तिने कबूल केलं होतं. तो शब्द पाण्यात गेला, हे डॉक्टरांनी ओळखलं.

आजींना सगळं जहाज ओळखत होतं. नोकरीतून निवृत्त होताच त्यांनी आणि त्यांच्या नवऱ्याने बिऱ्हाड मोडलं आणि जहाज धरलं. एक सफर संपली की दुसरी. नवरा गेला तरी आजी उतरल्या नाहीत. त्याची रक्षा त्यांनी पितळी डब्यात घालून टेबलावर ठेवली. “मेल्यावरही मला बंदरावर उतरवू नकोस, असं बजावलंय ह्यांनी. माझी वेळ आली की आम्हा दोघांना एकदमच पाण्यात सोडा,” असं त्या हसत हसत सांगायच्या.

आता त्यांच्या गॅलरीत कठड्याशी खुर्ची उलटी पडली होती आणि खाली समुद्र खवळला होता.

“जहाज वळवलंय,” कॅप्टन म्हणाले. “पण या लाटांत शोधाची होडी उतरवली तर माझी माणसं धड परततील याची खात्री नाही. आणि नाही उतरवली तर...”

त्यांनी पलंगावर बसलेल्या आजींच्या मुलाकडे पाहिलं आणि वाक्य तिथेच सोडलं.

“माझ्यामुळे गेली ती,” मुलगा म्हणाला. “आज संध्याकाळी बंदर आलं की मी तिला घरी नेणार होतो. काल म्हणालो, बॅग भर. ती म्हणाली, हेच माझं घर. मी तडकलो. ‘जातो’ म्हणालो आणि दार आपटलं. ‘अरे, येतो म्हणावं!’ असं ती मागून ओरडली. तेवढंच शेवटचं.”

बाईसाहेब खोली आवरणाऱ्या माणसाकडे वळल्या. “तुम्ही काय पाहिलंत?”

“मी दार वाजवलं बाई. आतून आजी म्हणाल्या, ‘येते हं!’ म्हणून थांबलो. दारासमोरून हललो नाही. कुणी उघडेना, तेव्हा माझ्या किल्लीने उघडलं. आत कुणी नाही, गॅलरीचं दार सताड उघडं.”

“आवाज घाबरलेला होता?”

“छे हो. रोजच्यासारखा, अगदी मजेत.”

“अगं, उघड आहे,” डॉक्टर हळूच म्हणाले. “दार उघडायला निघाल्या, गरगरलं, वाऱ्यासाठी गॅलरीत गेल्या आणि तोल गेला.”

“अहो, आधी तोंडाचा साबण पुसा,” म्हणत बाईसाहेब टेबलाशी गेल्या. पितळी डबा जागेवर होता. शेजारी कानातलं यंत्र चार्जिंगला लावलेलं होतं.

“माझं बोलणं नको असलं की ते काढून ठेवते,” मुलगा म्हणाला. “मग कानाशी ढोल बडवा, तिला पत्ता नाही.”

गॅलरीत वारा उभं राहू देत नव्हता. शेजारच्या गॅलरीत जायची, दारासारखी उघडणारी लाकडी फळी धाडधाड आपटत होती.

“कुणी तरी बंद करा हो ती! डोकं उठलं,” डॉक्टर करवादले. बाईसाहेबांनी फळीची कडी वरखाली करून पाहिली. कडी धड होती, नुसती काढलेली होती.

शेजारी राहत होते पत्तेवाले काका, आजींचे रोजचे भिडू. बाईसाहेबांनी दार वाजवलं, तेव्हा त्यांनी ते वीतभरच उघडलं.

“मी काही पाहिलं नाही! आत्ताच उठलो!” ते इतक्या जोरात ओरडले की डॉक्टर दचकून मागे सरले.

“अहो, मी बहिरा नाही,” डॉक्टर म्हणाले.

काका ओशाळले. “बिचाऱ्या आजी! जहाज वळलंय म्हणे. म्हणजे आज बंदर गाठत नाही आपण?”

एवढ्यात भोंग्यावरून आवाज आला. होडी खाली घेताहेत, खलाशांनी जागेवर जावं.

“पळा!” बाईसाहेबांनी डॉक्टरांना ढकललं. “होडी थांबवा. कॅप्टनना आणि मुलाला इथेच आणा, या दारासमोर.”

डॉक्टर या वयात असे कधी धावले नव्हते. सगळे जमले तेव्हा ते धापा टाकत होते आणि कॅप्टन संतापले होते. “बाई, एकेक क्षण मोलाचा आहे!”

“म्हणून थोडक्यात सांगते. यंत्र टेबलावर होतं. मग दारावरची टकटक आजींनी ऐकली कशी?”

मुलाने झटकन मान वर केली.

“ऐकलीच नाही. ‘येते हं’ हे टकटकीला उत्तर नव्हतं. अहो, घरातून बाहेर पडताना मी तुम्हाला काय म्हणते?”

“येते,” डॉक्टर म्हणाले, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. “अरेच्चा!”

“आजी निरोप घेत होत्या. खोलीत होतं कोण? डब्यातले आजोबा. जीव द्यायचा असता तर डबा बरोबर नेला असता, दोघांना एकदमच जायचं होतं ना? डबा जागेवर आहे. म्हणजे त्या परत येणार होत्या.”

“तोल जाऊन पडल्या असतील,” मुलगा कसाबसा म्हणाला.

“गॅलरीत वारा खायला जाताना कुणी निरोप घेतं का? निरोप घेऊन माणूस दुसऱ्याकडे जातं. खोलीच्या दारात हे गृहस्थ उभे होते, तिथून त्या गेल्या नाहीत. उरली गॅलरीतली फळी. खुर्ची वाऱ्याने उलटते, कडी वाऱ्याने निघत नाही. आणि काका, सकाळपासून कुणाशी ओरडून बोलताय, की जवळच्या माणसाशीही आवाज खाली येईना?”

काकांनी मान खाली घातली. दार उघडलं.

आत आजी पत्ते हातात घेऊन बसल्या होत्या. “गेला का तो?” त्यांनी विचारलं, आणि दारात मुलगा दिसला. तो गुडघ्यावर कोसळून आईच्या मांडीत हमसाहमशी रडू लागला.

“मुलगा उतरून जाईपर्यंत, संध्याकाळपर्यंत त्यांना लपवायचं ठरलं होतं,” काका पुटपुटले. “आरोळी उठली तेव्हाच सांगायला हवं होतं. पण जहाज वळलं. वाटलं, बंदर चुकलं तर आजी राहतील.”

“माझी माणसं त्या लाटांत उतरणार होती!” कॅप्टन गरजले.

बाईसाहेबांनी यंत्र आणून आजींच्या कानात बसवलं आणि सगळं सांगितलं. आजींचा चेहरा पांढरा पडला.

“माझं पोर तिकडे रडत होतं,” त्या काकांना म्हणाल्या, “आणि तुम्ही मला पत्ते वाटत होता?” हातातला डाव त्यांनी जमिनीवर भिरकावला.

संध्याकाळी बंदर लागलं. मुलाच्या हातात एकच बॅग होती, त्याची स्वतःची. आजी जिन्याच्या वरच्या टोकाला उभ्या होत्या. कानातलं यंत्र त्यांनी दोनदा चाचपून पाहिलं.

मुलगा चार पायऱ्या उतरला, थांबला, मागे वळला.

“आई, येतो.”

“ये हं,” आजी म्हणाल्या.

डॉक्टरांनी खिशातून रुमाल काढला. “काय वारा सुटलाय,” ते म्हणाले. बाईसाहेबांनी या एका गोष्टीचा मात्र तपास केला नाही.