मास्तरांची सव्वीस सेकंदं

आधीच सांगते, हे कोणाच्या मैत्रिणीच्या मावशीच्या बाबतीत घडलेलं नाही. माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलंय. तो मामा आत्ता, मी हे लिहितेय तेव्हा, पलीकडच्या खोलीत आहे.

वार रविवार. वेळ दुपारी चारची. जागा, एका हॉटेलच्या पहिल्या मजल्यावरचा जेवणाचा हॉल.

हो, भरदुपारी. अंधार नव्हता, कुत्री रडत नव्हती. लोक मजेत आइस्क्रीम खात होते.

मामा गिटार वाजवतो. हौस म्हणून नाही, पोटासाठी. लग्नात, वाढदिवसाला, दुकानांच्या उद्घाटनाला... एकदा तर दातांच्या दवाखान्यातसुद्धा. चौदा वर्षं त्याच्यासोबत मास्तर असायचे. मास्तर मागे त्यांच्या गिटारीवर ठेका धरायचे आणि मामा पुढे सुरांची कसरत करायचा.

"तू उड रे," मास्तर म्हणायचे, "जमीन मी धरतो."

पुढे कामं आटत गेली. मामा मात्र कायम हसतमुख. "ताई, वाईट दिवस म्हणजे पाहुणे गं. चार दिवसांनी जातील."

"तुझे पाहुणे अंथरूण-पांघरूण घेऊन आलेत," माझी आई म्हणायची.

मग मास्तर गेले. सकाळी छातीत दुखलं आणि दुपारी संपलंच.

मामाकडे नेमाचं असं एकच काम उरलं होतं, त्या हॉटेलातलं. दर रविवारी, दुपारी तीन ते पाच. मॅनेजरने स्पष्ट सांगितलं, "दोन गिटारी ठरल्या होत्या. एकट्याला ठेवून मी काय करू?"

तेव्हा मामाने ते केलं.

गिटारवाल्यांच्या पायाशी एक डबा असतो, लूपर. तो पायाने एकदा दाबला की तुम्ही वाजवलेलं साठवतो आणि तेच पुन्हा पुन्हा ऐकवत राहतो. वाजत असताना परत दाबला की लाल दिवा लागतो आणि नवं वाजवणं जुन्यावर चढतं. दोन सेकंद दाबून धरला की सगळं पुसलं जातं.

त्या डब्यात मास्तरांच्या शेवटच्या सरावाचा ठेका राहिला होता.

सव्वीस सेकंदांचा.

मामाने मास्तरांची खुर्ची नेहमीच्या जागी, आपल्या मागे ठेवली आणि डबा सुरू केला. मागे मास्तर, पुढे मामा. मॅनेजर खूश.

आई मात्र चिडली. "गेलेल्या माणसाला कामाला जुंपलंस की रे!"

"जुंपलं कुठे? सोबत ठेवलंय."

पण मास्तर हयात असताना वीस मिनिटं वाजवलं की चहाला उठायचे. आता दोन तास... अजिबात न थांबता.

चौथ्या रविवारी मामाची बोटं अडखळली. त्याला वाटलं, आपलंच चुकतंय. मग लक्षात आलं...

ठेका मंदावला होता.

त्याने ओळखीच्या वेटरला मोबाइलवर वेळ लावायला सांगितली.

एकोणतीस सेकंदं.

मामाने डबा दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने तो उघडला, तपासला, फुंकर मारली. "ठणठणीत आहे साहेब. माणूस दमतो, डबा कसा दमेल?"

पुढच्या रविवारी... चौतीस.

आणि ठेक्याच्या मधल्या जागेत एक आवाज. हलका. घशातून ओढल्यासारखा...

श्वासाचा.

समोरच्या टेबलावरच्या बाई उठून मामाजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "त्यांना जरा पाणी द्या ना."

"कोणाला?"

"तुमच्या मागे बसलेत त्यांना. केवढा घाम आलाय त्यांना!"

मामाने वळून पाहिलं.

रिकामी खुर्ची.

त्या रात्री तो जेवला नाही. मी विचारलं तर म्हणाला, "काही नाही बाईसाहेब, होईल सगळं नीट." मला तो बाईसाहेबच म्हणतो, कारण मी घरात सगळ्यांना हुकूम सोडते.

आता तो रविवार. दुपारचे चार. ठेका इतका रेंगाळत होता की दोन ठोक्यांच्या मध्ये पंख्याची घरघर ऐकू येत होती. मग ठेका थांबला. डब्याचा दिवा चालूच होता... आणि स्पीकरमधून अगदी थकलेला आवाज आला,

"बास रे आता... हात भरून आलेत."

वेटरने ऐकलं. मॅनेजरला वाटलं, कोणी गिऱ्हाईक बोललं.

मामाचे डोळे भरून आले. ठेका पुसला तर काम जाणार, हे त्याला पक्कं माहीत होतं. तरी तो मागे न बघता म्हणाला, "चुकलं मास्तर. एकदाच शेवटचं वाजवू. मग तुम्हाला सुट्टी."

ठेका परत सुरू झाला. पहिल्यासारखा, तरणाबांड. वेटर शपथेवर सांगतो की मामाने इतकं सुंदर कधीच वाजवलं नव्हतं. लोकांचे चमचे थांबले होते.

फक्त एक चूक झाली.

सुरुवात करताना मामाचा पाय सवयीने डब्यावर पडला. एकदाच. लाल दिवा लागला. मामाचे डोळे मिटलेले होते, त्याला तो दिसला नाही. वेटरला दिसला, पण त्याला त्यातलं काय कळणार?

मामाचं ते सगळं वाजवणं मास्तरांच्या ठेक्यावर चढत गेलं.

मग त्याने डबा दोन सेकंद दाबून धरला.

दिवा विझला.

मास्तर थांबले...

मामाचा हात चालूच होता. तारा थरथरत होत्या.

पण हॉलमध्ये आवाज फक्त पंख्याचा होता.

मामा तसाच, डोलत वाजवत राहिला. मॅनेजर धावत आला, "नुसते हात काय हलवताय? आवाज कुठाय?" आणि पुढच्या रविवारपासून येऊ नका म्हणाला. मामाला वाटलं, वायर गेली.

दुरुस्तीवाल्याने गिटार स्वतः वाजवून पाहिली. खणखणीत. मग मामाने वाजवली. दुरुस्तीवाल्याने कान गिटारीजवळ नेऊन पाहिला. "नवी वायर टाकून देतो," एवढंच म्हणाला. पैसे घेतले नाहीत.

घरी मामाने मला समोर बसवलं. स्पीकर नाही, वायर नाही, नुसती गिटार. त्याची बोटं झरझर पळत होती. मला त्याच्या बाहीचं लाकडावर घासणं ऐकू येत होतं.

बस. तेवढंच.

"कसं वाटलं? मास्तरांना सोडल्यापासून हात कसा मोकळा झालाय बघ!"

त्याला सगळं ऐकू येतं.

रात्री मी माझ्या वाढदिवसाचा जुना व्हिडिओ लावला. मास्तरांचा ठेका होता. आमच्या टाळ्या होत्या. मामाचं खदखदून हसणंही होतं. त्याची बोटं तारांवर नाचताना दिसत होती...

त्याच्या गिटारीच्या जागी काहीच नव्हतं.

मी वर्गात बाईंनाही उलटं विचारायला घाबरत नाही. वक्तृत्वात यंदा पहिली आले. पण हे एक वाक्य मला मामाला सांगता येत नाही. आई म्हणते तू सांग, मी म्हणते तू सांग.

उद्या दुपारी दुसऱ्या एका हॉटेलात त्याची चाचणी आहे. "एकटा चालेल म्हणाले! म्हटलं नव्हतं, दिवस पालटतील?" असं ओरडतच तो घरात आला. आत्ता शर्टाला इस्त्री करतोय. शीळ घालतोय. शीळ मात्र ऐकू येतेय.

मघाशी दारातून डोकावून म्हणाला, "बाईसाहेब, उद्या पहिल्या रांगेत बसायचं. तुझ्या चेहऱ्याकडे बघितलं की मला कळतं, कसं वाजतंय ते."

मी हो म्हटलंय.